पाठीवरचा न्यूट्रॉन डिटेक्टर: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी. काय शोधायचं आणि कशाने

पाठीवर घेऊन सहा किलोच्या आसपास वजनात चालता येईल आणि वाटेत न्यूट्रॉन सोडणारी वस्तू असेल तर सांगेल, असा डिटेक्टर बनवायचा आहे. न्यूट्रॉनच का, तर निसर्गात ते फार कमी आहेत. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला साधारण ०.०१३, आणि तेही वैश्विक किरणांमुळे. गॅमा किरण मात्र ग्रॅनाइटमधून, खतांमधून, रुग्णालयातून नुकत्याच घरी निघालेल्या रुग्णाच्या अंगातून, कुठूनही येतात. न्यूट्रॉन वाढलेले दिसले तर कारण शोधलंच पाहिजे.

प्लुटोनियम-२४० आपोआप विखंडित होतं आणि ग्रॅममागे सेकंदाला सुमारे १,०२० न्यूट्रॉन सोडतं. शस्त्र-दर्जाच्या प्लुटोनियममध्ये त्याचं प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे धातूच्या एका ग्रॅममागे ६० न्यूट्रॉन. ऑगस्ट १९९४ मध्ये म्युनिक विमानतळावर एका सूटकेसमधून सुमारे ३६३ ग्रॅम प्लुटोनियम पकडलं गेलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची तस्करीच्या घटनांची नोंदवही १९९५ साली सुरू झाली. आमचा चाचणी-स्रोत सेकंदाला २०,००० न्यूट्रॉन सोडणारा कॅलिफोर्नियम-२५२ आहे. म्हणजे अशा सुमारे ३३० ग्रॅम प्लुटोनियमइतकाच.

युरेनियमचं काम या पिशवीचं नाही. युरेनियम-२३५ साठी १८६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची गॅमा रेषा पाहणारं वेगळं उपकरण सोबत लागतं. एकाच पेटीत दोन्ही कोंबायचा मोह टाळला आहे.

हेलियम-३ च्या नळ्या अजूनही सर्वोत्तम आहेत. औष्णिक, म्हणजे मंदावलेल्या न्यूट्रॉनसाठी त्यांचा छेद (पकडण्याची क्षमता, बार्न या एककात) ५,३३० बार्न, बोरॉन-१० चा ३,८४०, लिथियम-६ चा फक्त ९४०. पण हेलियम-३ मिळतो ट्रिटियमच्या (किरणोत्सारी हायड्रोजनच्या) क्षयातून, आणि २००९ च्या सुमारास त्याची टंचाई सगळ्यांच्याच लक्षात आली. म्हणून मुख्य डिटेक्टर लिथियम-६ फ्लोराइड आणि चांदी मिसळलेल्या झिंक सल्फाइडच्या पातळ स्क्रीनचा करायचा. लिथियम-६ न्यूट्रॉन पकडतो तेव्हा ४.७८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सुटते, ती अल्फा कण आणि ट्रिटॉन (ट्रिटियमचं केंद्रक) यांच्यात वाटली जाते, आणि झिंक सल्फाइड भरपूर उजेड देतं. एकच हेलियम-३ नळी (व्यास २५ मिमी, लांबी ३० सेंमी, दाब ४ बार) बाजूला साक्षीदार म्हणून ठेवली आहे. स्क्रीनची मोजणी बदलली आणि नळीची बदलली नाही, तर दोष स्क्रीनच्या बाजूचा. पुढच्या सगळ्या नोंदींत हाच नियम.

१० जानेवारी. मांडणी आणि वजन

विखंडनातले न्यूट्रॉन सरासरी २ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे असतात. लिथियमने पकडण्याआधी ते मंद व्हायला हवेत, म्हणून एचडीपीई प्लास्टिकचे ठोकळे. स्क्रीनची दोन पॅनेल, अ आणि ब, प्रत्येक १५ × ३० सेंमी, म्हणजे ४५० चौरस सेंमी.

बाहेरून पाठीकडे क्रम असा: २.५ सेंमी एचडीपीई, पॅनेल ब, ५ सेंमी एचडीपीई, पॅनेल अ, ०.५ सेंमी एचडीपीई, मग वापरणाऱ्याची पाठ. मधला जाड ठोकळा दोन्ही पॅनेलना सामाईक आहे. वेगवेगळे ठोकळे दिले असते तर दोन किलो वाढले असते. पाठीकडच्या पॅनेल अ ला पाठीच्या बाजूने जाड ठोकळा दिलेला नाही, कारण माणसाचं शरीर म्हणजे बहुतांश पाणी, आणि पाण्यातला हायड्रोजन तेच काम करतो. एचडीपीई एकूण ८ सेंमी जाड, ३,६०० घन सेंमी, घनता ०.९५, म्हणजे ३.४ किलो.

१७ जानेवारी. स्क्रीन आणि फायबर

स्क्रीनची जाडी ०.३२ मिमी. ती जाड घेऊन फायदा नाही. पांढऱ्या भुकटीतून स्वतःचाच उजेड बाहेर पडत नाही, खोल थरात पकडलेला न्यूट्रॉन आतच विरतो. कात्रीने कापू नये, कडेला भुकटी सुटते आणि कडेची १ ते २ मिमी पट्टी निकामी होते. आधाराचा थर खाली ठेवून स्टीलच्या पट्टीला लावून धारदार ब्लेडने दोन-तीन हलके घाव द्यावेत.

दोन स्क्रीनच्या मध्ये तरंगलांबी बदलणारे १ मिमी व्यासाचे ३६ फायबर, एकमेकांपासून ४.२ मिमीवर. स्क्रीनचा निळा उजेड फायबर शोषतो आणि हिरवा करून टोकाकडे नेतो. फायबर स्क्रीनला चिकटवायचे नाहीत. आजूबाजूला हवा हवी, तरच उजेड आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो. गोंदाने माखलेल्या एका चाचणी-पट्टीत टोकाला मिळणारा उजेड निम्म्याखाली आला.

टोकं गठ्ठा करून ऑप्टिकल इपॉक्सीत बसवली, मग पॉलिश कागद ४००, ८००, १,५००, २,००० या क्रमाने, शेवटी पेस्ट. एकही पायरी गाळली तर भिंगाखाली ओरखडे दिसतात. वळणाची त्रिज्या १० सेंमीच्या खाली नेऊ नये. पहिल्या गठ्ठ्यात ती ६ सेंमी झाली होती. अंधारात एका टोकाने टॉर्च लावल्यावर वळणाच्या जागी पाच फायबर चमकताना दिसले. वरच्या आवरणाला तडे गेले होते, पाचही बदलले.

२३ जानेवारी. अंधार

पॅनेल अॅल्युमिनियम लावलेल्या फिल्ममध्ये आणि वर काळ्या टेपच्या दोन थरांत बंद केलं. तरीही सुरुवातीची मोजणी सेकंदाला ४० च्या वर, आणि तासातासाला कमी होत गेलेली. गळती असती तर ती अशी उतरत गेली नसती. झिंक सल्फाइड खोलीच्या दिव्याखाली उघडं राहिलं की नंतर बराच वेळ मंद चमकत राहतं. रात्रभर बंद ठेवल्यावर सकाळी मोजणी स्थिर झाली. यापुढे स्क्रीन हाताळायची ती पिवळ्या मंद दिव्याखाली, आणि बंद केल्यावर १२ तास मोजमाप नाही.

खरी गळतीही एक होती, केबल आत शिरते त्या रबरी बुचापाशी. टॉर्च कडेकडेने फिरवत मोजणी पाहिली की दोन मिनिटांत सापडते.

२९ जानेवारी. पहिली मोजणी

फायबरच्या दोन्ही टोकांना ६ × ६ मिमीचे सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे एकेक फोटॉन टिपणारे उजेडाचे सेन्सर. दोन्ही बाजूंना एकाच वेळी, २ मायक्रोसेकंदांत किमान १८ फोटॉन आले तरच न्यूट्रॉन धरायचा.

स्रोत आज २०,००० न्यूट्रॉन प्रति सेकंद, म्हणजे ८.७ नॅनोग्रॅम कॅलिफोर्नियम. १ मीटरवर न्यूट्रॉनचा डोस तासाला ०.२ मायक्रोसिव्हर्ट. तरीही चिमट्यानेच उचलायचा, वापरानंतर शिशाच्या नव्हे तर प्लास्टिकच्या जाड डब्यात ठेवायचा, आणि गळती-चाचणीची पुसणी नोंदवायची. अर्धायुष्य २.६४५ वर्षं, महिन्याला २.२ टक्के घट. प्रत्येक मोजमापात ही दुरुस्ती हवी. जुन्या स्रोतात कॅलिफोर्नियम-२५० चा वाटा वाढत जातो आणि साधं सूत्र चुकतं. आमचा स्रोत नवा आहे.

१ मीटरवर एका पॅनेलच्या क्षेत्रफळावर सेकंदाला ७१ ते ७२ न्यूट्रॉन पडतात. पॅनेल ब ची मोजणी सेकंदाला ४.१, बॅकग्राउंड (स्रोत नसतानाची मोजणी) ०.६. सुरुवातीला हे बरं आहे.

५ फेब्रुवारी. उष्णतेत कोसळलं

उष्णपेटीत २५ अंशांवर सगळं ठीक. ३५ अंशांवर बॅकग्राउंड सेकंदाला ३, आणि ४५ अंशांवर मोजणीला अर्थच उरला नाही, हजारांत गेली. साक्षीदार नळी तिन्ही तापमानांना तीच.

कारण सरळ हिशोबाचं आहे. ३६ चौरस मिमीचा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर उजेड नसतानाही २५ अंशांवर सेकंदाला सुमारे ३० लाख पल्स देतो. २ मायक्रोसेकंदांत सरासरी ६ येतात, म्हणून १८ ची अट टिकते. हा दर साधारण दर १० अंशांना दुप्पट होतो. ४५ अंशांवर त्याच खिडकीत सरासरी २४, म्हणजे अट नुसत्या अंधारानेच पुरी होते. बायस व्होल्टेज (सेन्सरला दिलेलं व्होल्टेज) अंशामागे २१.५ मिलिव्होल्ट बदलून गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, स्थिर ठेवता येतो, पण अंधारातल्या पल्स त्याने कमी होत नाहीत. तापमानाचा सेन्सर व्होल्टेज वाढवणाऱ्या बूस्ट कन्व्हर्टरला लागून बसवला होता आणि तो ९ अंश जास्त दाखवत होता, हीही चूक सापडली. ती दुरुस्त केल्याने मूळ दुखणं गेलं नाही.

अट २५ फोटॉनपर्यंत वाढवून पाहिली. थंडीत खऱ्या न्यूट्रॉनपैकी एक तृतीयांश गळाले. थंड करणारं पेल्टिए लावलं तर बॅटरी दोन तासांत संपते. उन्हात उभ्या पिशवीच्या आत ४५ अंश ही रोजची गोष्ट असते, त्यामुळे हा मार्ग इथेच सोडला.

१४ फेब्रुवारी. पीएमटी

प्रत्येक पॅनेलला २५ मिमीची एक काचेची फोटोमल्टिप्लायर नळी (पीएमटी). फायबरची दोन्ही टोकं मिळून ७२, गठ्ठा १० मिमीच्या वर्तुळात बसतो, एकाच नळीसमोर. हिरव्या उजेडाला तिची संवेदनशीलता सिलिकॉनपेक्षा कमी आहे, पण अंधारातल्या पल्स सेकंदाला काहीशे, लाखो नव्हेत. त्यामुळे खिडकी २ ऐवजी १० मायक्रोसेकंद करता आली. झिंक सल्फाइडचा उजेड लांबवर रेंगाळत येतो आणि तो सगळा आता कामी लागतो. अट: १० मायक्रोसेकंदांत किमान १२ फोटॉन.

१ मीटरवर ५.३, बॅकग्राउंड ०.६. ४५ अंशांवर ०.६१. बदल मोजमापाच्या चुकीच्या आतला.

किंमत अशी मोजावी लागली: काच फुटते, चुंबकीय क्षेत्राने गेन हलतो (पिशवी फिरवली की ४ टक्के फरक, म्यू-मेटलची नळी घातल्यावर १ टक्क्याखाली), आणि ९०० व्होल्ट सांभाळावे लागतात.

२० फेब्रुवारी. एक न्यूट्रॉन, दोन मोजण्या

लागोपाठच्या दोन मोजण्यांमधला वेळ नोंदवला. २०० मायक्रोसेकंदांपेक्षा जवळच्या जोड्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. झिंक सल्फाइडचा उजेड दहा मायक्रोसेकंदांत संपत नाही. शेपटीतले फोटॉन नवीन न्यूट्रॉन म्हणून मोजले जात होते, ही पहिली शंका.

पण कॅलिफोर्नियमच्या एका विखंडनात सरासरी ३.७६ न्यूट्रॉन एकदम सुटतात, आणि मॉडरेटरमध्ये (न्यूट्रॉन मंद करणाऱ्या एचडीपीईत) भटकत ते काही दशक मायक्रोसेकंदांच्या अंतराने पकडले जातात. त्यामुळे जवळच्या काही जोड्या खऱ्याही असणार. ही दोन कारणं कॅलिफोर्नियमने वेगळी करता येत नाहीत. अमेरिशियम-बेरिलियमचा स्रोत लावला. त्यातले न्यूट्रॉन जवळपास सगळे एकेकटे सुटतात. सेकंदाला १५ मोजण्यांवर २०० मायक्रोसेकंदांच्या आतल्या जोड्या ०.३ टक्के अपेक्षित होत्या, दिसल्या २.१ टक्के. म्हणजे शेपटीच.

न्यूट्रॉन धरल्यावर १२० मायक्रोसेकंद दार बंद, आणि त्या काळात फोटॉन येतच राहिले तर बंदी तितकी लांबते. जोड्या ०.४ टक्क्यावर आल्या. हे पाहण्याआधी कार्यक्षमतेचा (पॅनेलवर पडणाऱ्या न्यूट्रॉनपैकी किती मोजले जातात त्याचा) आकडा दोन टक्क्यांनी फुगलेला होता. त्याहून वाईट म्हणजे मोजण्या एकमेकींपासून स्वतंत्र नव्हत्या, आणि अलार्मचा सगळा हिशोब त्या स्वतंत्र असण्यावर उभा आहे.

२८ फेब्रुवारी. गॅमाखाली

सर्वांत जास्त वेळ या कामात गेला. सीझियम-१३७ चा गॅमा स्रोत, पॅनेलवर तासाला १०० मायक्रोसिव्हर्ट. न्यूट्रॉन स्रोत नाही. मोजणी ०.६ वरून १.५.

न्यूट्रॉन डिटेक्टरसाठी गॅमा चुकून मोजण्याचं प्रमाण दहा लाखांत एक असावं, हा निकष बऱ्याच ठिकाणी वापरला जातो. या डोसला ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे सुमारे ३४ लाख फोटॉन दर सेकंदाला पॅनेलवर आदळतात. दहा लाखांत एक म्हणजे सेकंदाला साडेतीन खोट्या मोजण्या! मोठ्या दारातल्या मॉनिटरला, ज्याचं बॅकग्राउंडच मोठं असतं, ते चालेल. इथे बॅकग्राउंड ०.६ आहे. आमची ०.९ ची वाढ त्या निकषात सहज बसते आणि तरीही पिशवी निरुपयोगी करते. म्हणून स्वतःसाठी लक्ष्य एक कोटीत एक असं ठेवलं.

गॅमाने फायबरमध्ये पडणारा उजेड काही नॅनोसेकंदांचा असतो. असे बरेच झटके एका खिडकीत साचले की १२ फोटॉनची अट पुरी होते. न्यूट्रॉनचा उजेड मात्र उशिरापर्यंत येतो. म्हणून दुसरी अट: १२ पैकी किमान ६ फोटॉन सुरुवातीच्या २ मायक्रोसेकंदांनंतर आलेले हवेत, आणि ते एकाच झुबक्यात नकोत. गॅमाखाली मोजणी ०.६४ वर आली. न्यूट्रॉनची ५.३ वरून ५.० झाली. हा सौदा मान्य. कार्यक्षमता ७ टक्के धरायची.

उलट बाजूही तपासली: गॅमा आणि न्यूट्रॉन दोन्ही स्रोत एकत्र. फक्त न्यूट्रॉनच्या मोजणीशी गुणोत्तर ०.९ ते १.१ मध्ये हवं. आलं ०.८६. म्हणजे गॅमाच्या गर्दीत खरे न्यूट्रॉन हरवत होते. पीएमटीचा सिग्नल कपॅसिटरमधून येत होता, पल्सचा दर वाढला की मूळ रेषा खाली सरकायची आणि लहान फोटॉन थ्रेशोल्डच्या (मोजण्यासाठी लागणाऱ्या किमान उंचीच्या) खाली राहायचे. मूळ रेषा सावरणारं सर्किट टाकल्यावर ०.९७.

कोबाल्ट-६० नेही करून पाहिलं, निकाल जवळपास तोच. पुढे कधी कुणी एकच स्रोत वापरून ही चाचणी करणार असेल तर कोबाल्ट घ्यावा, त्याची ऊर्जा जास्त आहे आणि झटका मोठा पडतो.

७ मार्च. मॉडरेटरची जाडी

पॅनेल ब समोर ०, १, २, २.५, ३, ४ आणि ५ सेंमी एचडीपीई ठेवून मोजलं. शिखर २.५ ते ३ च्या मध्ये आणि सपाट, दोन्हीकडे अर्धा सेंमी फरक पडला तरी ३ टक्क्यांहून कमी बदल. २.५ कायम.

न्यूट्रॉन वाटेतच मंद झाले असतील तर जाड समोरचा ठोकळा त्यांना अडवतो आणि पातळ बाजूचं पॅनेल अ जास्त मोजतं. त्यामुळे अ आणि ब चं गुणोत्तर वेगळं नोंदवायचं ठरलं. अलार्म मात्र बेरजेवर. दोन्ही पॅनेल मिळून परिणाम एकट्या ब च्या १.३ पट, बॅकग्राउंड १.२.

१४ मार्च. अलार्म कितीवर

४ सेकंदांची खिडकी, दर सेकंदाला पुढे सरकणारी. बॅकग्राउंड १.२, म्हणजे खिडकीत सरासरी ४.८.

सवयीने ४ सिग्मा (सरासरीच्या वर नेहमीच्या चढउताराच्या चौपट) धरलं तर ४.८ अधिक ४ × २.१९, म्हणजे १४. गाऊसच्या वक्रानुसार एवढी मोजणी लाखात तीनदा. पण इतक्या लहान सरासरीला गाऊस लागू होत नाही. लहान मोजण्यांसाठीच्या पॉयसन वितरणाने १४ किंवा जास्त येण्याची शक्यता ०.०००४७, पंधरापट. आठ तासांच्या पाळीत ४ सेकंदांच्या ७,२०० स्वतंत्र खिडक्या, म्हणजे तीन-चार खोटे अलार्म, आणि खिडक्या एकमेकींवर सरकत असल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त. १६ ठेवलं तर शक्यता ०.००००४३, पाळीत ०.३, सरकत्या खिडक्यांसह एकाच्या आत. १६ नक्की.

खोटे अलार्म वारंवार आले की वापरणारा माणूस आवाज बंद करतो, आणि मग त्या पिशवीत आणि साध्या ओझ्यात फरक राहत नाही. म्हणून हा आकडा सूत्राने न काढता थेट पॉयसन बेरजेने काढून तक्त्यात ठेवला आहे, प्रत्येक बॅकग्राउंडसाठी वेगळा.

२१ मार्च. चालत फेऱ्या

स्रोत आज १९,३०० न्यूट्रॉन. १ मीटर अंतरावरून १.२ मीटर प्रति सेकंद चालीने, मेट्रोनोमवर पाऊल टाकत, ५० फेऱ्या. अलार्म ३४ वेळा. हिशोबाने ६५ टक्के अपेक्षित होते, म्हणजे उपकरण बरोबर आहे आणि कमी पडतं आहे. अलार्मचा थ्रेशोल्ड (ज्या मोजणीवर तो वाजतो ती) खाली आणून हा आकडा सुधारायचा नाही. मोजण्याच वाढायला हव्यात.

२८ मार्च. चार स्क्रीन

प्रत्येक पॅनेलमध्ये आणखी दोन स्क्रीन आणि ३६ फायबरचा दुसरा थर. टोकं १४४, गठ्ठा १४ मिमी, पीएमटीच्या तोंडात अजून बसतो. कार्यक्षमता ७ वरून ११ टक्के. दुप्पट झाली नाही, कारण पहिला थर पुढच्याच्या वाट्याचे मंद न्यूट्रॉन आधी खातो. सहा स्क्रीन केले असते तर वाढ आणखी किरकोळ, आणि गॅमाला लागणारं फायबर मात्र दीडपट. चारवर थांबलो.

बॅकग्राउंड १.९, खिडकीत ७.६, थ्रेशोल्ड २१. त्याच चालीने ५० पैकी ४६.

यानंतर चाल ०.८ मीटर प्रति सेकंद केली. आधीच ठरवलेली कसोटी: ९३ फेऱ्या, चुकण्याची मुभा एकदा. तेवढं जमलं तर ९५ टक्के विश्वासाने म्हणता येतं की शोधण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर आहे. (एकही चूक नको असेल तर ५९ फेऱ्या पुरतात.) ९३ पैकी ९२. चालीचा वेग आता वापराच्या सूचनेत आकड्यासह जाईल. ‘सावकाश चाला’ एवढं लिहून भागत नाही, प्रत्येकाचं सावकाश वेगळं असतं.

५ एप्रिल. बॅकग्राउंड हलतं

पाच दिवसांची सलग नोंद. हवेचा दाब १२ हेक्टोपास्कलने उतरला तेव्हा मोजणी १.९० वरून २.०६. वैश्विक किरणांतल्या न्यूट्रॉनसाठी हेक्टोपास्कलमागे ०.७ टक्क्याच्या आसपास बदल असतो, त्याच्याशी जुळतं. साक्षीदार नळीही तितकीच वाढली. उंचीचा परिणाम याच नियमाने येतो, समुद्रसपाटीपासून हजार मीटर चढलं की बॅकग्राउंड दुपटीच्या पुढे.

शिशाच्या ४० विटा, एकूण ४५० किलो, पिशवीला लागून रचल्या: २.२. जड धातूत वैश्विक किरण आदळून न्यूट्रॉन उडतात. जहाजांच्या तपासणीत हा परिणाम आधी ओळखला गेला, म्हणून त्याला जहाज-परिणाम म्हणतात. भंगाराचा ढीग, शिशाच्या बॅटऱ्यांचा ट्रक, मोठं यंत्र यांच्याजवळ थोडी वाढ दिसणार. ती वाढ पसरट असते, जवळ गेल्यावर एका बिंदूकडे टोकदार होत नाही.

सर्वांत मोठा बदल छपराचा निघाला. वर काँक्रीटचे मजले असलेल्या तळमजल्यावर १.१, बाहेर मोकळ्यावर १.९. आत थ्रेशोल्ड १५ ठरतो. तोच घेऊन बाहेर पडलं तर तासाला दहाएक खोटे अलार्म.

म्हणून बॅकग्राउंड चालता चालता बदलत राहायला हवं, पण त्यात एक खोल खड्डा आहे. ३ मीटरवर स्रोत ठेवून पिशवी पाच मिनिटं स्थिर ठेवली. स्रोतामुळे वाढलेली सेकंदाला १.१ मोजणी १२० सेकंदांच्या सरासरीने हळूहळू बॅकग्राउंड म्हणून गिळली आणि अलार्म बंद झाला. आता नियम असा: बॅकग्राउंड खाली आपोआप जाईल. वर जाताना मिनिटाला ५ टक्क्यांहून जास्त नाही, आणि खिडकीतली मोजणी थ्रेशोल्डच्या तीन चतुर्थांशावर गेली की बदल पूर्ण थांबेल. इमारतीबाहेर पडताना वापरणारा बटण दाबून ६० सेकंदांत नवं बॅकग्राउंड घेईल. एक हातचं काम वाढलं, पण स्रोत गिळण्यापेक्षा हे परवडलं.

१२ एप्रिल. माणसाचं अंग

स्रोत २ मीटरवर. पाठ त्याच्याकडे असताना जे मिळतं त्याच्या ४० टक्के, तोंड त्याच्याकडे असताना. शरीर न्यूट्रॉन अडवतं. हा तोटा दिशा शोधायला वापरता येतो: जागेवर चार बाजूंना वळून प्रत्येकी १५ सेकंद मोजलं की स्रोत कोणत्या बाजूला आहे ते कळतं. अर्थात पुढून येणाऱ्या वस्तूसाठी पिशवी अर्धी आंधळी असते. तपासणीच्या वाटेवर माणसाने जाताना आणि येताना दोन्ही वेळा मोजायचं.

१९ एप्रिल. दमट हवा

९० टक्के आर्द्रतेत सहा तासांनी साक्षीदार नळी अचानक वाढली आणि पॅनेल शांत राहिले. या वेळी साक्षीदारच खोटा! उच्च दाबाच्या जोडणीवर ओल धरून बारीक विजेची गळती होत होती. नळीचा स्पेक्ट्रम (कोणत्या ऊर्जेला किती मोजण्या) पाहिला. खऱ्या न्यूट्रॉनचं शिखर ७६४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, आणि भिंतीत ऊर्जा हरवल्यामुळे १९१ आणि ५७३ वर पायऱ्या. नव्या मोजण्या सगळ्या १९१ च्या आसपास आणि खाली. जोडणी अल्कोहोलने पुसली, सिलिकॉनचा मुलामा दिला, सिलिका जेलची पुडी आत ठेवली. पॅनेलच्या ९०० व्होल्टच्या जोडण्यांनाही तेच, त्या बिघडण्याची वाट न पाहता.

७० सेंमीवरून पिशवी आपटली. पीएमटीच्या पायाखाली ५ मिमी फोम असल्याने काच सलामत, पण फायबरचा गठ्ठा नळीच्या तोंडापासून अर्धा मिमी सरकला आणि कार्यक्षमता ९ टक्क्यांनी घसरली. स्प्रिंगवाली कॉलर बसवली.

२६ एप्रिल. अलार्म वाजल्यावर

वापराच्या सूचनेत हा क्रम घातला. थांबा, ६० सेकंद स्थिर मोजा. बॅकग्राउंड ११४ येतं, चढउतार १०.७. ३ मीटरवरचा आमचा स्रोत त्यात सुमारे ६४ ची भर घालतो, म्हणजे संशयाला जागा राहत नाही. मग चार बाजूंना वळा. मग गॅमा उपकरणाने डोस आणि रेषा पाहा. वस्तू उघडायची नाही, हलवायची नाही. अंतर वाढवून प्रशिक्षित पथकाला कळवायचं.

खऱ्या न्यूट्रॉनचं निरुपद्रवी कारणही असू शकतं. रस्त्याच्या कामावर मातीतला ओलावा मोजणाऱ्या यंत्रात साधारण १.४८ गीगाबेकरेल अमेरिशियम-बेरिलियम असतं, सेकंदाला ९० हजारांच्या घरात न्यूट्रॉन. ते आमच्या चाचणी-स्रोताच्या चौपटीहून जास्त आहे आणि पिशवी दूरवरूनच वाजेल. त्याच यंत्रातलं सीझियम-१३७ गॅमा उपकरणात ६६२ वर दिसतं, शिवाय यंत्राला कागदपत्रं असतात. अलार्म तरीही बरोबरच होता. नोंदवहीत तो ‘खोटा’ म्हणून न लिहिता ‘कायदेशीर स्रोत’ म्हणून लिहायचा. नाहीतर पुढच्या वेळी थ्रेशोल्ड वाढवायला तोच आकडा कारण म्हणून वापरला जातो.

३ मे. वजन आणि बॅटरी

एचडीपीई ३.४ किलो, पॅनेल आणि पीएमटी १.१, इलेक्ट्रॉनिक्स आणि बॅटरी ०.९, चौकट आणि पिशवी १.०. एकूण ६.४. खर्च होणारी वीज १.८ वॅट, एका बॅटरीत ११ तास. साक्षीदार नळी पिशवीत जाणार नाही, ती प्रयोगशाळेत राहील. आठवड्यातून एकदा प्रत्येक पिशवी तिच्याशेजारी एक तास ठेवून दोन्हींचं बॅकग्राउंड लिहायचं. गुणोत्तर ५ टक्क्यांनी सरकलं तर फायबरचा गठ्ठा आधी पाहायचा, मग टेप, मग बाकीचं.